डाव्या हाताचे सात महिने

चतुराबाईचा दिवस पहिल्या कोंबड्याला सुरू व्हायचा. सडकेवरच्या आमच्या पालांमध्ये कोंबडा एकच, छबुबाईचा, आणि तो बेभरवशाचा. कधी घटकाभर आधी आरवायचा, कधी उजाडल्यावर. चतुराबाईचं त्याच्यावाचून अडत नव्हतं. पहार खांद्यावर टाकून मी खाणीकडं निघायचो तेव्हा तिच्या पालासमोरून हातोडीचा आवाज येत असायचा. कोंबडा कितीदा तरी त्यानंतर आरवलेला मी ऐकला आहे.

हे फसली तेराशे तेविसातलं, म्हणजे इसवी सन एकोणीसशे तेरा-चौदातलं सांगतो. निजामाचं राज्य होतं. सिरसाळ्याहून परळीकडं जाणाऱ्या सडकेवर खडी टाकायचं काम एका ठेकेदारानं घेतलं होतं. पुरुष खाणीतून काळा दगड काढत, बाया सडकेच्या कडेला बसून तो फोडत. मी खाणीवर होतो. पुढंही अडतीस वर्षं दगडातच काढली. राबणारी माणसं किती पाहिली त्याला मोजदाद नाही. या बाईसारखं कुणी पाहिलं नाही, म्हणून लिहितो.

चतुराबाई तलवाड्याची सून. नवरा पटकीच्या साथीत गेला. मूल नव्हतं. दीर उत्तरेश्वर, त्याच्या घरी दोन वर्षं नुसत्या भाकरीवर राबली आणि एक दिवस सासूला घेऊन सडकेवर आली. सासू सुंदरबाई. दोन्ही डोळे गेलेले, जीभ शाबूत. पोटचा लेक सोडून सुनेबरोबर कावून आलीस, असं कुणी विचारलं की म्हणायची, "लेकाच्या घरी भाकर हाय. पर वाढताना भांडं आपटत्यात. आंधळ्याला आवाज लई लागतो, बाबा."

दोघींना एकच गोष्ट हवी होती. दार.

पालाला दार नसतं, पोत्याचा पडदा असतो. चतुराबाई कामावर गेली की सुंदरबाई आत एकटी. आत आलं ते कुत्रं की माणूस, हे तिला वासावरून ओळखावं लागायचं. सिरसाळ्याच्या कडेला गावानं चतुराबाईला घरापुरती जागा दाखवली होती. भिंती मातीच्या, त्या ती स्वतः घालणार होती. धाब्याची लाकडं स्वतः तोडून आणणार होती. जे आपल्या हातानं होतं त्याला पैसा द्यायचा नाही, हा तिचा हिशेब. दार मात्र सुतारानंच करायचं. त्या पैशासाठी सडकेवरची कामाची जागा टिकायला हवी होती.

ती जागा टिकायची ती पेटीवर. पेटी म्हणजे तळ नसलेली लाकडी चौकट. जमिनीवर ठेवायची, खडीनं भरायची, वरून फळी फिरवून सपाट करायची आणि चौकट उचलून घ्यायची. सोळा टोपल्यांत एक पेटी भरे. चांगली बाई दिवसाला एक पेटी करी. खडी लिंबाएवढी हवी, लोखंडी कडीतून खाली पडली पाहिजे, असा नियम होता. पण कडी मोमिनाबादच्या ओव्हरसियरकडं. मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई. तो कधीमधी घोड्यावर यायचा आणि बहुतेक वेळा घोड्यावरूनच परत जायचा. त्यामुळं पेटीच्या पोटात मोठे दगड जायचे. मोठ्या दगडांनी पेटी लवकर भरते. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दगडांचा ढीग घसरला आणि चतुराबाईचा उजवा हात मनगटापासून खाली त्यात सापडला. घाटनांदूरच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. तो म्हणाला, "हाड जुळंल. मूठ वळायची न्हाई."

पुढं हाड जुळलं. मूठ वळली नाही. तीन बोटं काठीसारखी राहिली ती राहिली.

आमचा मुकादम धुळाजी. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या हातात माप होतं. तो तिच्या पालासमोर उभा राहून म्हणाला, "बाई, फुडलं काम परळीच्या पल्याड हाय. खुर्दादच्या अखेरीला माप घेनार. दिस उगवल्यापासून मावळंपस्तोर जी पेटी भरंल ती फुडं चालंल. तवर टोपली वाहा, निम्मा रोज देतो. ह्याच्या म्होरं माझ्या हातात काय न्हाई."

तो गेल्यावर तिनं छबुबाईला विचारलं, "खुर्दाद म्हंजी आपला कोनता गं?"

"वैशाख," छबुबाई म्हणाली. तिनं ते इतक्या ठामपणे सांगितलं की कुणाला शंकाच आली नाही.

"मंग वैशाखाच्या आवसंपस्तोर येळ हाय."

ही चूक होती. ती सहा महिन्यांनी उघडी पडली.

दुसऱ्या दिवशी तिनं डाव्या हातात हातोडी घेतली. आठ घाव घातले. सहा मातीत गेले, सातवा पायाच्या अंगठ्याजवळून गेला, आठव्याला हातोडी सुटून छबुबाईच्या पालावर पडली.

"आगं ए चतुरे," छबुबाई बाहेर येऊन ओरडली, "माझ्या कोंबड्यावर डूख हाय व्हय तुझा? सरळ माग की, रस्सा तरी करू!"

सगळे हसले. चतुराबाईही हसली. मग हातोडी घेऊन आत गेली. पुन्हा तो विषय काढला तो बलिप्रतिपदेला, कार्तिकाच्या पहिल्या दिवशी. सासूपुढं बसून म्हणाली, "आत्याबाई, मी नेम धरलाय."

"कसला? मीठ सोडलंस? का वांगं?"

"म्हैनाभर भाकरी डाव्या हातानं थापायच्या. रोज सा."

सुंदरबाईनं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "डाव्या हाताची भाकर मी खायची? डावा हात कशाचा असतो, तुला ठावं न्हाई?"

"मी तो राखेनं घासून धुते."

"धू न्हाईतर सोन्यानं मढीव. मी खायची न्हाई."

"नगा खाऊ."

पहिल्या दिवशी म्हातारी दुपारपर्यंत उपाशी बसली. दुपारी तिनं भाकरीच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही भाकर हाय का फाटकी व्हान? चंद्र तरी काढायचा. अमुशाचा काढलास." आणि खाल्ली. त्या महिन्यात सुंदरबाई रोज भाकर चाचपून सुनेला सांगायची, आज डावीकडं जाड आहे, आज मधे भोक आहे, आज कड फाटली. विसाव्या दिवशी तिनं काही सांगितलं नाही. भाकर गोल होती.

नेम एवढाच का, हे मी एकदा विचारलं. तिच्याहून बऱ्याच लहान माणसाशी बोलावं तसं ती माझ्याशी बोलायची. म्हणाली, "माझी आई चातुर्मासात नेम धरायची. एकच. ती म्हनायची, नेम असा धरावा की त्येची भीती वाटू नये. भीती वाटली की मानूस पळवाट हुडकतंय."

तिच्या नेमाला दोन कलमं होती. महिन्याला एकच नेम. आणि महिनाभरात एक दिवस जरी चुकला तर पुढचा नेम नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा तोच. नेम पार पडला की रोज संध्याकाळी पालासमोर एक खडा ठेवायची, ओळीत. आवस झाली की ती ओळ उचलून खडीच्या ढिगात टाकायची. मी म्हणालो, राहू द्या की, शोभून दिसते. ती म्हणाली, "दगुड हाय. वाया कावून घालायचा?"

मार्गशीर्षाचा नेम मी डोळ्यांनी पाहिला. सिरसाळ्याच्या कुंभाराच्या आव्याजवळ फुटक्या मडक्यांचा ढीग असतो, तिथून ती खापऱ्या आणायची. पहाटे अंगणात एकेक खापरी ठेवायची आणि डाव्या हातानं हातोडी मारायची. खापरी फुटली तर घाव मोजायचा, मातीत गेला तर नाही. रोज शंभर. मोजायचं काम सुंदरबाईचं. ती आत अंथरुणात पडून ऐकायची आणि ओरडायची.

"फुटली. अठरा. फुटली. एकुनीस. माती. माती. आगं, हिरीत बघून मारतीस काय? माती. फुटली. ईस."

ज्या माणसाला दिसत नव्हतं त्यानं ते घाव मोजले. एकही जास्त मोजला नाही. शेजारच्या पालातली माणसं शिव्या द्यायची, मग सवयीनं त्यांना त्या आकड्यांवर वेळ कळायला लागली. पन्नास झाले की छबुबाई चूल पेटवायची. सुरुवातीला शंभर खापऱ्या फुटायला तीनशे घाव लागायचे. महिनाअखेरीस एकशेदहा. मी स्वतः एक दिवस डाव्या हातानं करून पाहिलं. मी घण मारणारा गडी. वीस खापऱ्या फुटल्या आणि दंड बधिर झाला. त्यानंतर मी तिच्या पालासमोरून जाताना हळू चालायला लागलो.

दिवसा ती टोपली वाहायची. डोक्यावर टोपलं, डाव्या हाताचा आधार, उजवा हात छातीशी धरलेला. निम्मा रोज. त्यात दोघी जेवायच्या.

पौषात मुरमाचा दगड. मऊ असतो, घावाला फुटतो, पण भलतीकडं फुटतो. नेम असा की रोज एक टोपलं फोडायचं आणि प्रत्येक खडा लिंबाएवढाच करायचा. तिनं बाभळीच्या फांदीचं एक वेटोळं करून घेतलं होतं, ओव्हरसियरच्या कडीच्या मापाचं. खडा त्यातून गेला पाहिजे. मोठा राहिला तर पुन्हा घाव. दगड कापडाच्या चुंबळीत बसवायचा, चुंबळ पायानं दाबायची, उजव्या हाताच्या काठीसारख्या बोटांनी दगड नुसता टेकवून धरायचा. एकदा मी म्हणालो, "चतुराक्का, गाडीतनं मऊसूत दगड बघून टाकत जाऊ का तुमाला? फुडं काळ्यावर बसल्यावरबी?"

"मऊ दगुड सडकंत पिठावतो," ती म्हणाली. "त्यावरनं बैलगाड्या जानार हायत का पालख्या?"

पौषाच्या सव्विसाव्या दिवशी तिला हिवताप भरला. हुडहुडी अशी की पाल हलत होतं. त्या दिवशी टोपलं भरलं नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, ती उठली, पंचवीस खड्यांची ओळ उचलली आणि ढिगात टाकली.

"हे काय केलंस?" सुंदरबाईनं आवाजावरून ओळखलं. "चार दिस तर ऱ्हायलेत."

"एक दिस चुकला."

"ताप हुता! देवबी ताप आला की सूट देतो."

"देवाचा नेम आसता तर देवानं दिली आसती. हा माझ्या हाताचा हाय. हात काय सूट दील व्हय?"

"आगं पर एका दिसानं काय आभाळ कोसळतंय?"

छबुबाईही येऊन बोलून गेली की वैशाख जवळ येतोय, एक महिना असा फुकट घालवणं म्हणजे वेडेपणा. मलाही तेच वाटलं होतं. माघात ती पुन्हा मुरमाचं एक टोपलं घेऊन बसली. तेच टोपलं, तेच लिंबाएवढे खडे, तेच वेटोळं. मी पाहत होतो. बाकीच्या बाया तिच्यापासून दहा हातांवर काळ्या दगडाच्या पेट्या भरत होत्या.

माघातच उत्तरेश्वर आला. बैलगाडी घेऊन, डोक्याला नवा पटका. पालाबाहेर उभा राहून म्हणाला, "आई, चल. लोकं मला नावं ठिवायलेत. वैनीला तर आता हातबी न्हाई. दोघींचं मला पेलायचं न्हाई, तुझं तेवढं करतो. वैनीनं आपलं बघावं."

चतुराबाई डोक्यावरचा पदर सावरून दगड फोडत राहिली.

सुंदरबाई आतून म्हणाली, "तिला एक हात हाय. तुझ्या बायकूला दोन हायत. तरी दोन वर्सं मला दिसातनं एकच डाव जेवाय मिळायचं. तुझं गनित कच्चं हाय, उत्तऱ्या."

"बरं. माप झाल्यावर येतो. तवा कुटं जाशीला?"

"तवा बघू. पटका चांगला हाय म्हनं, छबूनं सांगितलं. जप."

तो गेला. पण तो जे बोलला ते खरं होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माप चुकलं तर म्हातारी तलवाड्याला आणि चतुराबाई कुणाच्या तरी गोठ्यात शेण काढायला. सिरसाळ्याची जागा तशीच गवताखाली जाणार.

माघ पार पडला. फाल्गुनात काळा दगड, रोज सहा टोपली. तेव्हा तिनं मुकादमाला सांगून टोपल्यावारी मजुरी लावून घेतली. चैत्रात दहा. एक गोष्ट मला तेव्हा कळली नाही, फार वर्षांनी कळली. चैत्रात काही दिवशी तिची दहा टोपली उन्हं उतरायच्या आत व्हायची. हातात जोर असायचा, दगड समोर असायचा. तरी ती हातोडी खाली ठेवायची. मी म्हणालो, "दोन जास्ती होतील की."

"आज हुतील. उद्या आठ हुतील. मंग मी सवताला काय सांगू?"

मी माझ्या हयातीत कितीतरी गडी पाहिले जे एका दिवसात दोन दिवसांचं काम करायचे आणि मग तीन दिवस पडून राहायचे. मीही त्यातलाच होतो. काम जास्त करणं मला जमत होतं. काम थांबवणं, हातात जोर असताना थांबवणं, हे मला कधीच जमलं नाही.

वैशाखात तेरा टोपली धरली. सोळा नाही. पौषातला महिना गेला नसता तर सोळा धरता आली असती. पण दहावरून एकदम सोळा म्हणजे भीती वाटेल असा नेम. ती म्हणाली, "तेरा म्हैनाभर पडली की आवसंला एक दिस सोळा पडत्यात." यात काही चूक नव्हती. चूक आवसेत होती.

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया होऊन आठवडा झाला होता. धुळाजी सकाळीच सडकेवरून ओरडत आला, "परवा माप हाय! ओव्हरसियरसाब सोता येनारेत. ढीग साफ करून ठिवा!"

चतुराबाईची हातोडी वरच राहिली. "मुकादम, आजून आवस कुटं आली?"

"आवस?"

"तुमी खुर्दाद म्हनलावता. वैशाखाची आवस."

धुळाजीनं छबुबाईकडं पाहिलं, छबुबाईनं जमिनीकडं. "बाई," तो म्हणाला, "तुझी आवस सरकारला ठावी न्हाई. सरकारचा म्हैना चंद्रावर चालत न्हाई. खुर्दाद परवा सरतोय."

आम्हाला मजुरी बाजारच्या बाजारी मिळायची. सरकारी महिना कधी लागतो नि कधी संपतो याच्याशी आमच्यापैकी कुणाचा कधी संबंध आला नव्हता. आम्ही आवस-पुनव मोजायचो. सरकारी महिना आमच्या महिन्याच्या मध्येच कुठंतरी संपायचा, आणि या खेपेला तो तिच्या आवसेच्या एकोणीस दिवस आधी संपत होता.

छबुबाई रडायला लागली. म्हणाली, "मीच मुडदी. मला इचारायचंच कावून?"

"तुझ्या कोंबड्याचंच वळन हाय तुला," सुंदरबाई आतून म्हणाली. "आरवायचं मातर जोरात."

कुणी हसलं नाही. चतुराबाईनं नवा दगड चुंबळीत ठेवला.

मध्ये एक दिवस होता. सगळ्यांनी सांगितलं, उद्या सोळा करून बघ. सुंदरबाईनंही सांगितलं. तिनं तेरा केली. तेरावं टोपलं ओतून हातोडी ठेवली, खडा ओळीत ठेवला, हात कोमट पाण्यात घालून बसली. मला राग आला होता तिचा, हे खरं सांगतो.

मापाच्या दिवशी अकरा बाया ओळीनं बसल्या. प्रत्येकीसमोर एक रिकामी पेटी. दिवस उगवला तसा धुळाजीनं थाळा वाजवला.

त्या दिवशी आम्हा खाणीवाल्यांना काम नव्हतं. मी बांधावर बसून दिवसभर पाहिलं. बाकीच्या बाया झपाट्यानं सुटल्या. चतुराबाई रोजच्याच चालीनं सुरू झाली. घाव, घाव, दगड फिरवायचा, घाव. सुंदरबाईला कुणीतरी हात धरून आणून जवळच्या कडुलिंबाखाली बसवलं होतं. ती ओठ हलवत मोजत होती. दुपारी बायांनी भाकरीची फडकी सोडली, पाणी प्यायल्या, पाय लांब केले. चतुराबाईनं पाणी घेतलं, भाकरीचं फडकं सोडलं नाही. उन्हात तिच्या पाठीवरचं लुगडं आधी भिजलं, मग वाळून त्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली. उन्हं कलली तसे बाकीच्यांचे आवाज विस्कळीत व्हायला लागले. एकाआड एक घाव, मग थांबणं, मग दोन घाव. तिचा आवाज सकाळी होता तसाच होता. डोळे मिटले असते तर सकाळ की संध्याकाळ कळलं नसतं. मी डोळे मिटून पाहिले.

दिवस डोंगराला टेकला तेव्हा छबुबाईची पेटी भरली होती. आणखी आठजणींची भरली होती. चतुराबाईची पंधरा टोपली झाली होती. पेटी वरून चार बोटं रिकामी.

छबुबाई एक टोपलं घेऊन सरकत आली आणि हळू म्हणाली, "आगं, माझ्या ढिगातलं हे वत. मुकादम तिकडं बघतोय."

चतुराबाईनं टोपल्यात पाहिलं. "मुठीएवढाले दगुड हायत हे. माझी खडी नासंल."

"आगं मेले, तुझी जागा जाईल!"

"जाऊ दी. हे वतू नगंस."

थाळा वाजला. हातोड्या थांबल्या.

ओव्हरसियर त्या दिवशी घोड्यावरून उतरला. उंच, पांढरी दाढी, हातात लोखंडी कडी. आधी त्यानं पहिल्या पेटीत हात घालून खालून एक दगड काढला, कडीत घातला. अडकला. दुसरा काढला. अडकला. त्यानं धुळाजीकडं पाहिलं आणि सांगितलं, सगळ्या पेट्या उपसा, कडीतून जाईल तीच खडी परत भरा, उरेल ते माप.

उपसायला कंदील लागायची वेळ आली. छबुबाईची चार टोपली बाजूला गेली. शेजारणीची तीन. एकीची सहा. प्रत्येक पेटी खाली बसत गेली.

मग तो चतुराबाईच्या पेटीपाशी आला. दोन गड्यांनी ती उपसली. खडा कडीतून पडत होता, पडत होता, पडत होता. पंधरा टोपल्यांत सात खडे अडकले. सात. मी मोजले, धुळाजीनं मोजले, सुंदरबाईला कुणीतरी सांगितलं तर तिनं पुन्हा मोजायला लावले.

ओव्हरसियरनं एक खडा तळहातावर घेऊन फिरवून पाहिला. विचारलं, "ये किसने तोडी?"

धुळाजीनं बोट केलं. ओव्हरसियरनं तिचा उजवा हात पाहिला, तसाच छातीशी धरलेला. मग डावा पाहिला. "कौनसे हाथ से?"

तिनं डावा हात पुढं केला. खडा त्यानं परत तिच्या ढिगावर ठेवला, टाकला नाही, ठेवला. आणि धुळाजीला म्हणाला, "इस औरत का नाम पहले लिखो."

अकरा बायांत तिचं माप सगळ्यांत जास्त नव्हतं. एकीचं तिच्याहून अर्धं टोपलं जास्त भरलं. हे लिहायला हवं, कारण चतुराबाईनं स्वतः ते दर वेळी सांगितलं. पूर्ण पेटी त्या दिवशी कुणाचीच झाली नाही, म्हणून धुळाजीनं मापानं पहिल्या आठजणी घेतल्या. छबुबाई सातवी.

उत्तरेश्वर गाडी घेऊन आला तो दोन दिवसांनी. सुंदरबाई त्याला म्हणाली, "रिकामी गाडी नेऊ नगं. आमचं सामान परळीच्या वाटंला सोड." त्यानं सोडलं.

वैशाखाचा नेम तिनं आवसेपर्यंत पुरा केला, तेरा टोपली, परळीच्या पल्याड नव्या जागी. ज्येष्ठात सोळा धरली. त्यानंतर तिची पेटी कधी कमी भरली नाही, आणि तिच्या पेटीतून कधी कुणी दगड उपसून पाहिला नाही.

घराला तीन वर्षं लागली. पावसाळ्यात सडकेचं काम थांबलं की ती सिरसाळ्याला येऊन भिंत चढवायची. दरसाल दोन हात. त्यातही नेम होताच. रोज मातीची वीस टोपली नाहीत, चाळीस नाहीत, दोन. पहिल्या वर्षी लोकांना ते कुंपण वाटलं. तिसऱ्या वर्षी त्यावर धाबं पडलं. मी आणि छबुबाईचा नवरा, आम्ही मधली तुळई चढवायला गेलो होतो. तिनं आम्हाला जेवू घातलं. भाकरी गोल होत्या.

मग ती शहादेव सुताराकडं गेली. त्यानं सागाचं सुचवलं. तिनं बाभळीचं सांगितलं, ती कीड धरत नाही आणि निम्म्यात होते. एका झडपेचं, मागं दोन आडवे पट्टे, आतून कडी, बाहेरून कोयंडा. आतली कडी कमरेएवढ्या उंचीवर, बसल्याजागी म्हातारीच्या हाताला लागेल अशी. शहादेवनं निजामी नाण्यातले चौदा हाली रुपये सांगितले. तिनं घासाघीस केली नाही. फळ्या तासायला आणि रंधा मारायला स्वतः आठ दिवस बसली, तेवढे कमी झाले.

दाराला अकरा हाली रुपये पडले.